बाळंतपणातला मृत्यू आणि त्याच रात्रीची पुढची ड्युटी : साताऱ्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी पट्ट्यातलं हे ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय. मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समुपदेशक म्हणून काम करते आणि ठरलेल्या दिवशी तिथे ओपीडी घ्यायला जाते. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून गाव, काळ आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. कामाची पद्धत आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणातलं शिकण्यासारखं सगळं त्या क्रमातच आहे.

ती रात्र

पावसाळा जोरात होता. कागदोपत्री नाइटला दोन सिस्टर. पण एक पद रिकामं, एक जण बाळंतपणाच्या रजेवर, त्यामुळे त्या महिन्याच्या ड्युटी लिस्टवर बऱ्याच रात्रींसमोर एकच नाव होतं. वॉर्ड, लेबर रूम आणि रात्री-अपरात्री येणारी कॅज्युअल्टी, तिन्ही तिच्याकडे. सोबतीला एक मावशी. डॉक्टर आवारातल्या क्वार्टरमध्ये, कॉलवर.

सिस्टर तिशीतली, जीएनएम (नर्सिंग आणि प्रसूतीचा डिप्लोमा) झालेली, लेबर रूमचा चांगला हात असलेली. नवरा कराडला नोकरीला, चार वर्षांचा मुलगा सासूजवळ.

रात्री अडीचच्या सुमाराला एका बाईचं दुसरं बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली, रडली, अंगावर घेतली. बाळ बाहेर येताच आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन दिलं, वार पूर्ण पडली, ती तपासली. वीसेक मिनिटांनी रक्तस्राव सुरू झाला. पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ लागत होतं. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. ते आवळलं गेलं नाही तर दोनेक तासांत जीव जाऊ शकतो. सिस्टरने मसाज सुरू केला, मावशीला डॉक्टरांकडे पळवलं, दोन्ही हातांना सलाइन लावलं, ऑक्सिटोसिनचं ड्रिप चालू केलं. डॉक्टर काही मिनिटांत आले. रक्त थांबवायला ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, मिसोप्रोस्टॉल, शेवटी गर्भाशयात फुगवून आतून दाब देणारा कंडोम कॅथेटर. रक्त थांबल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा यायचं.

रुग्णालयात रक्त साठवण्याची सोय नाही. रक्त कराडला. १०८ ची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती, ती यायला पाऊण तास लागला. सिस्टर गाडीत बसली आणि कराडपर्यंत पोटावर दाब धरून राहिली. तिथे पोचल्यावर थोड्याच वेळात बाई गेली.

सकाळी आठच्या पुढे सिस्टर परत आली. कपडे रक्ताने भरलेले. फाटकाशी गावातली जीप उभी होती, माणसं जमली होती, म्हणून ती स्वयंपाकघराच्या बाजूने आत शिरली. नाइटचं ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला कामाची सूत्रं, द्यायचं राहिलं होतं, ते दिलं. मग केसपेपर, पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता), प्रसूती रजिस्टर, रेफरल रजिस्टर, वापरलेल्या औषधांचा हिशोब. दुपारी कार्यालयातून निरोप आला, लेखी खुलासा द्या. तोही तिने लिहून दिला. आंघोळ केली, तासभर पडली, झोप लागली नाही. आणि रात्री आठ वाजता, लिस्टवर नाव होतं म्हणून, ती पुन्हा ड्युटीवर आली. एकटी. त्याच लेबर रूममध्ये. रात्री एक बाळंतपण झालं, सुखरूप.

त्या दिवशी त्या रुग्णालयात कुणी वाईट वागलं नव्हतं, हे मला स्पष्ट लिहायचं आहे. अधीक्षक नातेवाइकांना सामोरे गेले, डॉक्टर रात्रभर जागे होते, कारकुनाने मागवलेला खुलासा नियमातलाच होता. प्रत्येकाने आपलं काम केलं. पण रात्री आठला तिच्या जागी दुसरं कोण येईल, हा प्रश्न कुणाच्याच कामात बसत नव्हता.

पुढचे आठवडे

माझ्यापर्यंत प्रकरण आलं ते तक्रारीच्या रूपात. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हिला जरा समजवा. चांगली काम करणारी पोरगी, पण आता कुणाचंच ऐकत नाही."

तक्रारी अशा होत्या. बाळंतीणीचं पॅड ती दर पाच मिनिटांनी बघते. बीपी पुन्हा पुन्हा घेते, लिहिलेलं खोडून परत घेते. ज्या पेशंटला इथे ठेवता आलं असतं त्यांनाही कराडला रेफर करायचा आग्रह धरते, त्यावरून डॉक्टरांशी खटके उडतात. लेबर रूमची ड्युटी आली की अदलाबदल मागते. पूर्वी चहाला सगळ्यांत बसायची, आता जेवणाचा डबाही स्टोअरमध्ये एकटीच उघडते. सहकाऱ्यांची सहानुभूती दोन आठवडे टिकली. नंतर ज्यांना तिच्या बदल्यात नाइट कराव्या लागत होत्या त्या कुरकुरायला लागल्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर, मिसुरी अशा दूरच्या ठिकाणी झालेल्या अभ्यासांचं आपल्याकडे काय, असं कुणी विचारेल. पण या सिस्टरची अवस्था मला त्या लिखाणात ओळीने सापडली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली लिहिलं की उपचारात काही विपरीत घडलं की पेशंट आणि त्याचं घर हे पहिले बळी असतात, आणि उपचार करणारा हा दुसरा. मिसुरी विद्यापीठाच्या सुसान स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा कर्मचाऱ्यांशी बोलून सहा टप्पे मांडले : सुरुवातीचा गोंधळ, तोच प्रसंग मनात फिरत राहणं, लोक आपल्याला काय समजतील याची धास्ती, चौकशीला तोंड देणं, कुणाचा तरी आधार मिळणं, आणि मग पुढे जाणं. या शेवटच्या टप्प्याला तीन वाटा फुटतात. काही जण ते काम सोडतात, काही जण कसंबसं रेटतात, काही जण त्यातून शिकून उभे राहतात. आमच्या सिस्टरला पहिला टप्पा ओसरायच्या आत चौथ्यात ढकललं गेलं होतं. पाचवा टप्पा आलाच नव्हता.

याला सगळे "बर्नआउट" म्हणत होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउट नोंदवला तो आजार म्हणून नव्हे, कामाशी निगडित अवस्था म्हणून : कामावरचा ताण दीर्घकाळ न आवरल्याने येणारा थकवा, कामापासून मनाने तुटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तो थकवा या रुग्णालयात सगळ्यांनाच थोडाफार होता. रिकाम्या पदांचं काम हीच माणसं ओढत होती. सिस्टरचं दुखणं त्याच्यावर येऊन बसलेलं वेगळं दुखणं होतं, एका रात्रीचं. दोन्ही एक धरले असते तर तिला आठ दिवस रजा देऊन प्रश्न मिटवला गेला असता, आणि रजेवरून ती परत त्याच एकट्या नाइटला आली असती.

रुग्णालयाने मधल्या काळात एक गोष्ट केली होती. ताणमुक्तीवर व्याख्यान ठेवलं होतं. दुपारी जेवणाच्या वेळेत, मीटिंग हॉलमध्ये, हजेरी सक्तीची. नाइट करून झोपलेल्या सिस्टरांना त्यासाठी उठून यावं लागलं. श्वासाचे व्यायाम झाले, फोटो झाले, अहवाल गेला. व्यायाम वाईट नव्हते, मीही शिकवते. पण ज्या माणसाची झोप मोडून त्याला श्वास कसा घ्यावा हे सांगितलं जातं, त्याला त्यातून काळजी पोचत नाही.

भेट

सिस्टर समोर बसली आणि पहिलंच वाक्य म्हणाली, "मला काही झालेलं नाही मॅडम. मला फक्त लेबर रूम नको."

तिला मी घटनेबद्दल विचारलं नाही. झोपेबद्दल विचारलं. दिवसा पडलं की हातांना पोटावरचा तो दाब जाणवतो, मऊ लागतं, आणि ती दचकून उठते. गाडीतल्या अंधारातल्या चाळीसेक मिनिटांत तिला प्रत्येक वळण पाठ झालं होतं. मुलगा जवळ आला की ती त्याच्यावर खेकसते, मग रडते. "मी आणखी जोरात दाबलं असतं तर?" हे तिने तीनदा म्हटलं.

मरणाचे विचार येतात का, हे मी थेट विचारलं. असं विचारल्याने विचार पेरला जातो ही भीती आपल्याकडे डॉक्टरांनाही असते. तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तिने उत्तर दिलं, "मरावंसं नाही वाटत. पण डोळे उघडले की वाटतं, आज जाग आलीच नसती तर बरं." हे वाक्य ऐकल्यावर थांबायचं नसतं. त्याच आठवड्यात साताऱ्याला मनोविकारतज्ज्ञांनी तिला तपासलं. औषध लगेच सुरू केलं नाही; झोपेची घडी, कामातला बदल आणि दर आठवड्याला भेट असं ठरलं, लक्षणं वाढली तर औषध. नवऱ्याला, तिच्या संमतीने, विश्वासात घेतलं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दोघांच्या फोनमध्ये भरला. २०२२ पासून चालू असलेली ही सेवा चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं, आणि नाइटवाल्या माणसाला पहाटे तीनला बोलायला दुसरं कोण असतं?

काय बदललं

अधीक्षकांशी बोलताना मी एकच मागणी धरून बसले : चौकशी आणि आधार या दोन गोष्टी वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या वेळी कराव्यात. मातामृत्यूचं अन्वेषण व्हायलाच हवं. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये त्याचा हेतू स्पष्ट आहे : कुणावर बोट ठेवण्यासाठी ते करायचं नाही, पुढचा मृत्यू टाळण्यासाठी करायचं. प्रत्यक्षात तालुक्यापर्यंत येताना त्याचा खुलासा होतो, आणि खुलासा म्हटलं की प्रत्येक जण आपापली बाजू सांभाळायला लागतो. अधीक्षकांनी हे मनावर घेतलं. डॉक्टर, सिस्टर आणि ते स्वतः असे तिघे केसपेपर घेऊन बसले, मिनिटामिनिटाने रात्र लिहून काढली आणि एकत्र सही केली. त्यात दोन गोष्टी ठळक पुढे आल्या, रक्त जवळ नव्हतं आणि गाडी उशिरा आली. सिस्टरने केलेल्या गोष्टी क्रमाने बरोबर होत्या. हे मी तिला सांगून उपयोग नव्हता. त्या कागदावर तिघांच्या सह्यांनी आलं, तेव्हा तिने ते दोनदा वाचलं.

आधाराची बाजू इन्चार्ज सिस्टरांनी घेतली, आणि या प्रकरणात सर्वांत मोठं काम त्यांचंच आहे. अशा घटनेनंतर सगळ्यांना गोलात बसवून एकाच बैठकीत मन मोकळं करायला लावण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटना सुचवत नाही. त्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींना तर वाढतो. संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेत साधी तीन कामं आहेत : बघा, ऐका, जोडून द्या. ते मी इन्चार्ज सिस्टरांना सांगायला गेले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या की पंचवीस वर्षांपूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांच्या हातात झटके येऊन एक बाळंतीण गेली होती. "मला कुणी विचारलं नाही, म्हणून मीही हिला विचारलं नाही. मला वाटायचं, हे असंच असतं." दुसऱ्या दिवशी औषधांच्या खोलीत दार लोटून त्या सिस्टरसोबत बसल्या आणि ती जुनी गोष्ट तिला सांगितली. दोघींत आणखी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. त्यानंतर सिस्टरचा डबा पुन्हा सगळ्यांत उघडायला लागला.

मग ड्युटी लिस्ट. लेबर रूम कायमची बंद करणं सोपं होतं आणि सिस्टरला तेच हवं होतं. मी त्याला विरोध केला. भीतीच्या जागेपासून पूर्ण लांब ठेवलेल्या माणसाची भीती वाढत जाते, आणि एका चांगल्या हाताला रुग्णालय मुकतं. ठरलं असं की पहिले दोन आठवडे लेबर रूममध्ये फक्त सकाळपाळी, दुसऱ्या सिस्टरसोबत, आणि हवं तेव्हा बाहेर येण्याची मुभा. मग दुपारपाळी. मग नाइट, पण जोडीने. एकटी नाइट सगळ्यांत शेवटी, तीही तिने हो म्हटल्यावर.

यात लागणाऱ्या नाइट कुठून आणायच्या? हा प्रश्न टाळून केलेली कुठलीही योजना कागदावरच राहते. इन्चार्जनी सगळ्यांना बसवून लिस्ट टेबलावर ठेवली. त्यांनी स्वतः चार नाइट घेतल्या, जे त्यांच्या पदाला लागू नव्हतं. लसीकरणाचं काम बघणाऱ्या सिस्टरने दोन घेतल्या. एकीने सरळ सांगितलं की तिच्या घरी आजारी सासरे आहेत, तिला जमणार नाही, आणि तिचं ते मान्य झालं. कुरकुर थांबली नाही, पण ती पाठीमागून समोर आली, आणि समोरच्या कुरकुरीला उत्तर देता येतं.

अतिरक्तस्रावाचा सराव दर आठवड्याला सुरू केला. सगळी औषधं, कॅथेटर, सलाइनच्या सुया एकाच डब्यात, लेबर रूमच्या दाराजवळ. कोण मसाज करेल, कोण फोन करेल, कोण वेळ लिहील, हे ठरवून. हा तसा वैद्यकीय गुणवत्तेचा भाग, ताणाचा नव्हे, असं अधीक्षकांना वाटलं. माझ्या मते सिस्टरला सर्वाधिक बरं याच सरावाने वाटलं. आपल्या हातात काही आहे ही जाणीव हातांनीच परत मिळते. चौथ्या-पाचव्या सरावाला तिने डबा स्वतः लावला आणि दुसरीला शिकवलं.

ड्युटी रूममधली मोडकी खाट बदलली, दाराला कडी बसवली. जोडीने नाइट असेल तेव्हा वॉर्ड शांत असताना आळीपाळीने वीस-तीस मिनिटं डोळे मिटायला अधीक्षकांनी तोंडी नव्हे, लेखी परवानगी दिली. तोंडी परवानगीवर कुणी झोपत नाही. नाइट संपल्यावर लगेच दुचाकीवर घाटाने घरी जाण्याऐवजी तासभर पडून जाण्याचीही सोय झाली.

मावशी, डॉक्टर आणि ते घर

त्या पहाटे लेबर रूमची फरशी मावशीने एकटीने धुतली होती. हे मला तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळलं, तेही चहा देताना त्या सहज बोलल्या म्हणून. मावशी एजन्सीमार्फत, कंत्राटी. त्यांना कुणी खुलासा मागितला नव्हता आणि कसं आहात असंही विचारलं नव्हतं. "सिस्टरला सगळे विचारतात, बरोबर आहे. मी काय, पुसून घेतलं." त्यांना वासाचा त्रास होत होता, जेवण जात नव्हतं. अधीक्षकांनी त्यांना दिवसपाळी दिली. पगार न कापता दोन दिवस सुट्टी मात्र मिळू शकली नाही, कारण त्यांच्या करारात तशी रजाच नाही. याचा मला आजही राग आहे.

डॉक्टर बंधपत्रावर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर, आलेले, तरुण. पोलीस ठाण्यात अर्ज गेल्याचं कळल्यावर ते खचले होते. डॉक्टरवर निष्काळजीपणाचा गुन्हा चालवण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं आणि निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं आहे, हे अधीक्षकांनी त्यांना समजावलं, तेवढ्याने त्यांची झोप थोडी परतली. मनाबद्दल बोलायला ते तयार नव्हते. मुदत संपली आणि गेले.

गेलेल्या बाईचा नवरा नवी मुंबईत माथाडी कामगार. या पट्ट्यातल्या कितीतरी घरांसारखं ते घर, म्हातारी माणसं गावी आणि कमावता मुंबईला. त्याला बायको कशाने गेली हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. भीतीने सगळे त्याला टाळत होते. अधीक्षकांनी त्याला आणि त्याच्या वडिलांना बोलावून केसपेपरसह सगळं सांगितलं, रक्त नव्हतं हेही. तो चिडला, रडला, निघून गेला. अर्ज त्याने मागे घेतला नाही, पण फाटकाशी पुन्हा कुणी जमलं नाही.

दीड महिन्यांनी मुलीच्या पहिल्या पेंटाव्हॅलंट लसीसाठी आजी आली. लसीकरणाला त्या दिवशी आमचीच सिस्टर होती. आजीने ओळखलं. "गाडीत तुम्हीच व्हता न्हवं?" सिस्टर हो म्हणाली. आजीने मुलगी तिच्या मांडीवर दिली. सिस्टरने लस टोचली, ताप आला तर काय करायचं ते सांगितलं, पुढची तारीख कार्डावर लिहिली. मला हे तिनेच आठवड्याच्या भेटीत सांगितलं, आणि त्या भेटीत पहिल्यांदा रडली नाही.

सहा महिन्यांनंतर

सिस्टर जोडीने नाइट करते आहे. झोप बरी आहे, पावसाच्या रात्री अजून मोडते. रेफरवरून होणारे वाद थांबले. एकटी नाइट तिने दोनदा केली, आणि दोन्ही वेळा इन्चार्ज सिस्टरांनी फोन चालू ठेवला.

रुग्णालयाने ड्युटी लिस्टच्या खाली एक ओळ छापायला सुरुवात केली आहे : ज्याच्या पाळीत अनपेक्षित मृत्यू झाला त्याला पुढची नाइट नाही, बदली नाव इन्चार्ज त्याच दिवशी लिहील, आणि कुठलाही लेखी खुलासा पहिल्या दोन दिवसांत मागितला जाणार नाही. त्या ओळीचा पहिला वापर सर्पदंशाने एक मुलगा गेला तेव्हा झाला. त्या रात्रीच्या सिस्टरचं नाव दुपारीच बदललं गेलं. मावशी मात्र त्या रात्री पुन्हा कामावर होत्या, कारण त्यांची लिस्ट एजन्सीचा सुपरवायझर वेगळी काढतो आणि तिच्यावर ती ओळ नाही. अधीक्षकांनी एजन्सीला पत्र दिलं आहे. रक्त साठवणीचा प्रस्ताव आणि दुसऱ्या नाइट सिस्टरच्या पदाची मागणी जिल्ह्याला गेली आहे. तिन्ही कागदांवर उत्तर आलेलं नाही, आणि महिन्याच्या आढावा बैठकीत ते तिन्ही विषय दर वेळी मांडायचे असं इन्चार्ज सिस्टर आणि मी ठरवलं आहे.